ताणावरची तुळस : एका औषधी दाव्याचा इतिहास

मानसिक ताण हलका करणारे पूरक म्हणून तुळस आज कॅप्सूल, अर्क आणि चहाच्या पुड्यांतून जगभर विकली जाते. वेष्टनावर बहुधा हजारो वर्षांच्या परंपरेचा हवाला असतो. वनस्पती जुनी आहे, तिचा मान जुना आहे, खोकल्यावरचा तिचा काढाही जुनाच आहे. ताणावरचे औषध ही तिची ओळख मात्र अवघ्या चार-साडेचार दशकांची आहे.

चरकसंहितेत तुळस 'सुरसा' या नावाने येते. सूत्रस्थानाच्या २७व्या अध्यायात तिचे उपयोग उचकी, खोकला, दमा, विषबाधा आणि बरगडीतली कळ यांवर सांगितले आहेत. सुश्रुताने तिच्या नावाने 'सुरसादि गण' असा औषधींचा एक गटच केला. तो कफ, पडसे, कृमी, दमा यांवरचा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशाने पांढरी आणि काळी तुळस गुणाने सारखीच मानली आणि ती उष्ण, पित्त वाढवणारी असल्याचेही नोंदवले. याच ग्रंथात तिला 'हृद्य', म्हणजे हृदयाला हितकर, म्हटले आहे. त्या एका विशेषणातून आजचा ताण काढणे म्हणजे शब्दाची ओढाताण होईल. मन-बुद्धीसाठी चरकाने सांगितलेली मेध्य रसायने चार : मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यांत तुळस नाही.

महाराष्ट्रातला घरगुती वापरही याच वाटेने गेला. सर्दी-तापाला तुळस, आले, मिरे आणि गवती चहा यांचा काढा. तान्ह्याच्या कफावर मधातून पानांचा रस. गजकर्णावर रसाचा लेप. मनाशी तिचे नाते होते ते अंगणातल्या वृंदावनापाशी. सकाळचे पाणी, प्रदक्षिणा, सांजेचा दिवा, कार्तिकातले तुळशीचे लग्न, वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीमाळ, पंढरीच्या वाटेवर बायकांच्या डोक्यावरचे वृंदावन, या सगळ्यांतून मिळणारा निवांतपणा खरा होता आणि आजही आहे. पण तो भक्तीचा आणि नेमाचा भाग होता. मन थाऱ्यावर यावे म्हणून कोणी पाने मोजून खात नव्हते.

हा नेम घराच्या ओळखीशी किती घट्ट बांधलेला होता, हे गोव्याच्या इतिहासात दिसते. इन्क्विझिशनने, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात धर्मांतरितांना ज्या हिंदू रीतींची बंदी केली, त्यांत घरी तुळस लावण्याचाही समावेश होता. एका झुडपावर हुकूम काढावा लागला, यातच त्याचे वजन कळते.

युरोपीय वनस्पतिशास्त्रात लिनियसने तुळशीला दोन नावे दिली. १७५३ मधले 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' आज शास्त्रीय नाव म्हणून मान्य आहे. १७६७ मधल्या 'ऑसिमम सँक्टम'मध्ये तिचे पावित्र्य उतरले, आणि औषधांच्या साहित्यात हेच नाव अधिक रुळले. इंग्रजी अमदानीत तिच्याकडे कुतूहल वळले ते हिवतापामुळे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १९०३ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिले. व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे भायखळ्याची राणीची बाग, उभारली जात असताना कामगार डासांनी आणि तापाने हैराण झाले; हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्याने बागेच्या कडेने तुळस लावल्यावर दोन्ही त्रास थांबले, अशी हकिगत त्यात होती. तुळशीच्या उग्र वासाच्या तेलाला कीटक टाळतात हे खरे असले, तरी कुंपणाच्या तुळशीने हिवताप हटतो असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही ही आठवण पुढे कितीतरी पुस्तकांत फिरली.

'ताण' ही वैद्यकीय कल्पनाच विसाव्या शतकातली. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये छोटे टिपण छापले : थंडी, जखम, अतिश्रम, विष अशा वेगवेगळ्या आघातांना शरीर एका ठरावीक साच्यात प्रतिसाद देते. त्यातून 'स्ट्रेस'ची संकल्पना आकाराला आली. सोव्हिएत संघात निकोलाय लाझारेव यांनी १९४७ मध्ये 'अ‍ॅडाप्टोजेन' हा शब्द घडवला. कोणत्याही आघाताशी जुळवून घेण्याची शरीराची ताकद वाढवणारा पदार्थ, असा त्याचा अर्थ. इस्राएल ब्रेखमन यांनी ही कल्पना वनस्पतींकडे नेली आणि इगोर दार्दिमोव यांच्यासह १९६९ मध्ये जिनसेंग व सायबेरियन जिनसेंग यांवर लिहिलेल्या लेखाने ती जगापुढे आणली.

या चौकटीत तुळस बसवली ती लखनौने. तिथल्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजातले के. पी. भार्गव आणि एन. सिंह यांनी १९८१ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये तुळशीच्या ताणरोधक गुणांवर निबंध छापला. अर्क दिलेले उंदीर पाण्यात अधिक वेळ पोहत राहिले, ताणामुळे जठरात होणारे व्रण टळले, यकृताला विषापासून संरक्षण मिळाले. प्रयोग प्राण्यांवरचे होते, पण ताणावरच्या तुळशीची आधुनिक कथा इथूनच सुरू होते.

बाजाराला या कथेची गरज थोडी पुढे भासली. अमेरिकेत १९९४ च्या आहारपूरक कायद्याने वनस्पतींचे अर्क औषध म्हणून मंजुरी न घेता विकण्याची मुभा दिली. अट अशी की रोग बरा करण्याचा दावा करायचा नाही. रोजच्या ताणाला आधार देते असे म्हणता येते, चिंताविकार बरा करते असे म्हणता येत नाही. 'ताण' हा शब्द वेष्टनांवर इतका पसरला, त्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. लखनौमध्येच १९९७ साली स्थापन झालेल्या ऑर्गेनिक इंडियाने उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांकडून सेंद्रिय तुळस पिकवून घेतली आणि तिचा चहा परदेशी दुकानांत पोहोचवला. २०२४ मध्ये ही कंपनी टाटा कन्झ्युमरने विकत घेतली. पूजेपुरते एक रोप लावण्याऐवजी शेतभर तुळस, हा बदल शेतकऱ्यासाठीही नवा होता. लखनौच्याच सीमॅप या वनस्पती-संशोधन संस्थेने 'सिम-आयु'सारखे युजेनॉलने समृद्ध वाण दिले. युजेनॉल म्हणजे लवंगेला वास देणारे तेच द्रव्य.

माणसांवरच्या चाचण्या उशिरा आल्या. २०१२ मधल्या एका चाचणीत सुमारे १५० जणांनी सहा आठवडे भाग घेतला. रोज १,२०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांची ताणाची लक्षणे बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १०० प्रौढांवर आठ आठवडे प्रयोग झाला. १२५ मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा घेणाऱ्यांनी ताण आणि झोपेच्या तक्रारी कमी झाल्याचे सांगितले, आणि त्यांच्या केसांतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, तुलनेने कमी भरले. हे निष्कर्ष आशादायक आहेत. पण गट लहान, मुदत काही आठवड्यांची आणि प्रत्येक चाचणीतला अर्क वेगळा, त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्या डबीला लागू पडेलच असे नाही. अंगणातल्या चार पानांना तर तो मुळीच लागू पडत नाही.

सावधगिरीचे मुद्देही अर्काच्या मात्रेबरोबरच पुढे आले. तुळशीने रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहाची औषधे चालू असताना लक्ष ठेवावे लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्त गोठण्याचा वेग मंदावलेला आणि प्रजननक्षमता घटलेली आढळली आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी, रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना आणि गरोदरपणात अर्क टाळण्याचा सल्ला दिला जातो. काढ्यातल्या पाच-सहा पानांबाबत हे प्रश्न सहसा उद्भवत नाहीत. अनेक पानांचे सत्त्व एका कॅप्सूलमध्ये एकवटले की उद्भवतात.