खांब धरणारा अंगठा : गाडीला बांधलेल्या सावलीचा इतिहास

१/ गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण नाणेघाटाजवळच्या पठारावर मुक्कामाला गेलो होतो. एका मित्राने गाडीच्या टपाला नवे ऑनिंग बसवले होते. पिशवीची चेन उघडायची, गुंडाळलेले कापड बाहेर ओढायचे, दोन खांब उभे करायचे, की पाच मिनिटांत मांडव तयार. मध्यरात्रीनंतर वारा फिरला. कापड शिडासारखे फुगले आणि दोन खुंट्या उपटल्या गेल्या. मग पहाटेपर्यंत एकाला खांब धरून बसावे लागले. सकाळच्या फोटोत ऑनिंग डौलात उभे आहे. खांब धरणारा मात्र चौकटीबाहेर आहे.

२/ तो फोटो पाहताना मला विसाव्या शतकातले एक अतिशय प्रसिद्ध छायाचित्र आठवले. त्यातही एक तिरके कापड आहे, एक खांब आहे आणि त्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. 'होता' असे म्हणतो, कारण तो नंतर पुसून टाकण्यात आला. आजचा धागा त्या अंगठ्यापर्यंत जाणार आहे. पण वाट थोडी लांबची आहे. सुरुवात करू टेक्सासच्या कुरणांपासून.

३/ आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. तंबू स्वतःच्या पायांवर उभा असतो. ऑनिंग गाडीच्या आधाराने उभे असते. त्याची एक बाजू वाहनाला बांधलेली, दुसरी खांबांवर तोललेली. आपल्याकडे एकाच उताराच्या छपराला 'एकपाखी' म्हणतात, तसाच हा प्रकार. गाडी हीच भिंत. त्यामुळे सामान कमी लागते आणि मांडणी झटपट होते. पण गाडी हलली की छप्पर गेले. हा शेवटचा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

४/ १८६६. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले होते. टेक्सासमध्ये गुरांचे कळप मुबलक, पण गिऱ्हाईक शेकडो मैल दूर. चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने कळप न्यू मेक्सिकोकडे हाकत नेण्याचे ठरवले. प्रश्न होता माणसांच्या जेवणाचा. त्याने सैन्याच्या वापरातली एक भक्कम घोडागाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला खणांची लाकडी पेटी बसवली. पेटीचे झाकण खाली पाडले की तेच स्वयंपाकाचे मेज. हीच 'चक वॅगन'. 'चक' म्हणजे तिथल्या बोलीत जेवण.

५/ या गाडीच्या कमानींना कॅनव्हासचे एक जास्तीचे कापड बांधून ते मागे ताणले जाई आणि खांबांवर तोलले जाई. त्याखाली आचारी काम करी. वाहनाला जोडलेल्या ऑनिंगचे हे अगदी स्पष्ट पूर्वरूप. ते कोणासाठी होते, हे पाहण्याजोगे आहे. मालकासाठी नव्हे, घोडेस्वारांसाठीही नव्हे. पीठ मळणाऱ्या माणसासाठी. तळाचे नियमही त्याच्या सोयीचे असत. वाऱ्याच्या वरच्या अंगाने घोडा दौडवत तळावर येणे हा मोठा अपराध, कारण सगळी धूळ थेट भांड्यात जाई.

६/ पुढचे वळण १९०८ चे. हेन्री फोर्डची मॉडेल टी बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ पर्यंत ती ३०० डॉलरच्या खाली उतरली. १९२७ मध्ये उत्पादन थांबले तोवर दीड कोटी गाड्या तयार झाल्या होत्या. रेल्वेचे वेळापत्रक आणि हॉटेलचे भाडे या दोन्हींतून सुटका देणारे वाहन सामान्य कुटुंबाच्या हाती आले. १९१३ मध्ये योसेमिटीचे आणि १९१५ मध्ये यलोस्टोनचे दरवाजे मोटारींना उघडले. आता प्रश्न एवढाच उरला, की रात्री झोपायचे कुठे?

७/ उत्तर जुनेच होते. कॅनव्हासचा मोठा तुकडा गाडीच्या टपावरून टाकायचा, एका बाजूने तिरका उतरवायचा, टोके जमिनीत खुंटीने ठोकायची. दुकानांत असे तयार 'ऑटो टेंट' मिळू लागले. जाड सुती कापड, त्यावर मेणाचा लेप. सुताचा एक गुण असा, की भिजल्यावर धागे फुगतात आणि विणीतली भोके बुजतात. दोष असा, की आतून कुणी बोट लावले तर नेमके तिथूनच पाणी झिरपू लागते. भिजलेले सुती दोर आखडतात, म्हणून पावसाची चिन्हे दिसताच ताण सैल करावा लागे. नाहीतर खुंटी उपटे किंवा कापड फाटे.

८/ या प्रवाशांमध्ये काही बडी मंडळीही होती. थॉमस एडिसन, हेन्री फोर्ड, हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे स्वतःला 'व्हॅगाबॉन्ड्स', म्हणजे भटके, म्हणवून घेत. साधारण १९१५ ते १९२४ या काळात ते उन्हाळ्यात मोटारींतून मुक्कामाला निघत. १९२१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग त्यांच्या तळावर आले. या 'भटक्यां'सोबत आचारी असे, स्वयंपाकाची वेगळी गाडी असे आणि तंबूंत बॅटरीवरचे विजेचे दिवे लागत. एक मोटारी बनवणारा, दुसरा टायर बनवणारा. वृत्तपत्रांतील त्यांची छायाचित्रे ही त्यांच्या मालाची उत्तम जाहिरातही होती.

९/ गावांनी या पाहुण्यांचे स्वागत केले. नगरपालिकांनी मोकळ्या जागा साफ करून मोफत तळ उभारले. पाण्याचे नळ, शौचालये, कुठे कुठे स्वयंपाकाची सोयही. मुक्कामी माणूस गावातच पेट्रोल आणि किराणा घेईल, हा हिशेब. डेन्व्हर शहरातील असा मोठा तळ 'ओव्हरलँड पार्क' या नावाने ओळखला जाई. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही संघटना स्थापन झाली. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाळलेला पत्र्याचा डबा ही सभासदांची खूण.

१०/ हे स्वागत फार काळ टिकले नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यावर या तळांवर शुल्क लागू झाले, साधारण पंचवीस ते पन्नास सेंट. रक्कम किरकोळ होती, पण उद्देश केवळ उत्पन्नाचा नव्हता. सुट्टीवर आलेल्या कुटुंबांबरोबर कामाच्या शोधात फिरणारी कुटुंबेही त्याच तळावर, तशाच कापडाखाली राहू लागली होती. त्यांना वेगळे काढायचे कसे? कापडावरून ओळख पटत नव्हती. म्हणून फाटकावर पैसे मागितले गेले आणि मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा आली.

११/ काहींना तर पैसे देऊनही जागा नव्हती. अनेक हॉटेले कृष्णवर्णीय अमेरिकी प्रवाशांना खोली देत नसत. म्हणून अंथरूण, शिदोरी, तंबूचे सामान गाडीत बाळगणे हा त्यांच्यापैकी अनेकांसाठी छंद नव्हता, खबरदारी होती. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी अशा प्रवाशांसाठी सुरक्षित ठिकाणांची पुस्तिका काढली. तीच 'ग्रीन बुक'. राष्ट्रीय उद्यानेही या भेदापासून मुक्त नव्हती. शेनान्डोआ उद्यानात कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन हा वेगळा तळ राखला होता.

१२/ मग १९३० चे दशक आले. मंदी, दुष्काळ, कापसाचे पडलेले भाव, धुळीची वादळे आणि कुळांची गरज संपवणारे ट्रॅक्टर. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा, मिसुरी येथील हजारो कुटुंबे संसार गाडीवर लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. रूट ६६ च्या कडेला तीच जुनी मांडणी पुन्हा दिसू लागली : गाडीच्या टपापासून जमिनीपर्यंत तिरके उतरलेले कापड. त्याच प्रकारच्या गाड्या, तसाच कॅनव्हास, तशाच गाठी. फरक इतकाच, की मागे परतायला घर नव्हते.

१३/ दहा वर्षांपूर्वी ज्या मांडणीला 'सहल' म्हटले गेले, तिलाच आता 'उपद्रव' म्हटले जाऊ लागले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले १३६ पोलीस थेट राज्याच्या सीमांवर पाठवले. शहराचे पोलीस, शेकडो मैल दूरच्या नाक्यांवर! ज्यांच्याकडे पैसे नाहीत किंवा उपजीविकेचे साधन दिसत नाही, त्यांना परत धाडायचे, हा हुकूम. इतिहासात ही कारवाई 'बम ब्लॉकेड' म्हणून नोंदली गेली. 'बम' म्हणजे रिकामटेकडा भणंग.

१४/ आणि त्याच सुमारास, मार्च १९३६ मध्ये, छायाचित्रकार डोरोथिया लँग कॅलिफोर्नियातील निपोमो येथील मटार तोडणाऱ्यांच्या तळावर वळल्या. थंडीने पीक गेले होते, मजुरांना काम नव्हते. एका तिरक्या कापडाखाली एक आई मुलांसह बसली होती. लँग यांनी दुरून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने जवळ गेल्या. दूरच्या चौकटींत आसऱ्याची पूर्ण मांडणी दिसते. सर्वांत जवळच्या चौकटीत फक्त आई आणि मुले. जगाने ती 'मायग्रंट मदर' या नावाने डोक्यात साठवली.

१५/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायचे ठिकाण. लँग यांनी त्या बाईचे नाव विचारले नव्हते. पुढे १९६० मध्ये लिहिलेल्या आठवणीत त्यांनी म्हटले, की अन्नासाठी तिने नुकतेच गाडीचे टायर विकले होते. १९७८ मध्ये त्या बाईचे नाव प्रकाशात आले : फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. कुटुंबाने सांगितलेली हकिकत वेगळी होती. त्यांची हडसन गाडी वाटेत बिघडली म्हणून ते तिथे थांबले. घरची माणसे दुरुस्तीसाठी गावात गेली होती. टायर विकलेच नव्हते, त्यांच्याच जोरावर तर ते पुढे गेले, असे तिच्या मुलाचे म्हणणे.

१६/ आणखी एक गैरसमज. हे छायाचित्र धुळीच्या वादळांतून पळालेल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे प्रतीक मानले गेले. थॉम्पसन मात्र चेरोकी वंशाच्या होत्या आणि वादळांच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकातच, कॅलिफोर्नियात आल्या होत्या. छायाचित्र छापून आल्यावर सरकारने निपोमोच्या तळावर सुमारे २०,००० पौंड अन्न पाठवले. तोवर हे कुटुंब तिथून निघून गेले होते. गाडी दुरुस्त झाली, कापड गुंडाळले, पुढच्या शेतावर काम शोधायला रवाना.

१७/ आणि आता तो अंगठा. मूळ चौकटीत उजव्या बाजूला खाली, तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा दिसतो. काही वर्षांनी, १९३९ च्या सुमारास, लँग यांनी निगेटिव्हवरून तो पुसून घेतला. रचनेत तो खटकत होता. हे छायाचित्र ज्या सरकारी प्रकल्पासाठी काढले होते, त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हा बदल रुचला नाही. आधीच्या प्रतींत अंगठा आजही स्पष्ट दिसतो. नंतरच्या प्रतींत नीट पाहिले तर त्याची अस्पष्ट सावली उरलेली आहे.

१८/ लँग यांना खोटे ठरवण्याचा हा प्रयत्न नाही. त्यांच्या छायाचित्राने उपाशी तळापर्यंत अन्न पोहोचले, हे निर्विवाद. पण पुसले काय गेले, हे बघायला हवे. अंगठा गेला आणि चित्रातून काम गेले. उरली ती केवळ सोसणारी आई. कुणीतरी तो खांब रोवला होता, कापड ताणले होते, उताराचा अंदाज घेतला होता. थॉम्पसन यांना पुढे आयुष्यभर याच गोष्टीचा राग राहिला, की आपण केवळ दैन्याची खूण होऊन बसलो. त्या कष्ट करून मुले वाढवणारी बाई होत्या.

१९/ सीमेवरच्या त्या अडवणुकीचे काय झाले? नाकेबंदी काही आठवड्यांत उठली. पण गरिबाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा टिकून होता. फ्रेड एडवर्ड्स नावाच्या माणसाने आपल्या बायकोच्या बेकार भावाला टेक्सासहून गाडीने आणले आणि त्याला शिक्षा झाली. १९४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया' या खटल्यात तो कायदा एकमताने रद्द केला. केवळ दारिद्र्याच्या कारणावरून कुणाला राज्याच्या वेशीवर अडवता येणार नाही, हे त्यातून ठरले.

२०/ आता तुमच्यापैकी जे स्वतः ऑनिंग घेणार आहेत, त्यांच्यासाठी या दीडशे वर्षांचे सार. आधी टपावरच्या कॅरियरची ताकद तपासा, मग कापडाचा आकार ठरवा. आपल्याकडे ते डाव्या अंगाला बसवावे, म्हणजे रस्त्याकडेला थांबलात तर वाहतुकीत उघडणार नाही. गाडी अशी लावा की वारा गाडीच्या पाठीवर येईल. बाहेरची कड खाली ठेवा आणि एक कोपरा आणखी खाली, म्हणजे पाणी साचणार नाही. खुंटी तिरकी ठोका, तिचे डोके दोरापासून दूर कललेले हवे. वारा वाढला तर हट्ट नको, गुंडाळून ठेवा. हे आम्ही त्या रात्री केले नाही.

२१/ चक वॅगनच्या आचाऱ्याला, सुट्टीवर निघालेल्या कारकुनाला आणि निपोमोच्या मजूर आईला तशाच कॅनव्हासने सावली दिली. एकाला ती कामाची जागा होती, दुसऱ्याला मौज, तिसरीला घर. कापडात फरक नव्हता. फरक तळाच्या फाटकावर आणि राज्याच्या सीमेवर पडत होता.

२२/ तुमच्या घरात जुन्या प्रवासाची, जत्रेची, कामासाठी केलेल्या मुक्कामाची छायाचित्रे असतील, तर ती एकदा कडांकडून पाहा. खांब कुणी धरला आहे, दोर कुणाच्या हातात आहे, कुणाचा फक्त खांदा दिसतो आहे. त्या माणसाचे नाव घरातल्या मोठ्यांना विचारा आणि छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्या त्या फोटोच्या मागे मी आमच्या मित्राचे नाव लिहिले आहे.