हिकमत आणि होखमा

‘मोठा हिकमती माणूस!’ असं आपण सहज म्हणतो. अडलेलं काम युक्तीनं पार पाडणारा तो हिकमती. हिकमत हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. हकीम, हाकीम, हुकूम ही त्याचीच भावंडं. याच धातूचं हिब्रू रूप म्हणजे ‘होखमा’, अर्थात शहाणपण.

हिब्रू धर्मग्रंथांत होखमा ही परमेश्वराची देणगी आहे, पण ती केवळ पंडितांसाठी नाही. त्यांतल्या निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारायची वेळ येते, तेव्हा देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्यानं भरतो आणि त्याला होखमा देतो. कशासाठी? सोनं, चांदी, पितळ घडवण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. बकऱ्याच्या केसांचं सूत कातणाऱ्या बायकांची बुद्धीही होखमाच. हातातलं कसब आणि डोक्यातलं ज्ञान यांत तिथं भिंत नाही.

पुढे गिबोन इथं स्वप्नात देवानं ‘माग’ म्हटल्यावर शलमोन राजानं न्याय करण्यासाठी ‘लेव शोमेआ’ मागितलं, म्हणजे शब्दशः ‘ऐकणारं हृदय’. हिब्रूत बुद्धीचं घर हृदय आहे, आणि शहाणपणाची पहिली खूण ऐकणं.

१९०६ साली जेरुसलेममध्ये कलाशाळा निघाली, तिला नाव दिलं गेलं ते बसालेलचंच. आपल्याकडे मात्र हिकमतीला कधीकधी लबाडीचा वास चिकटतो. सुतार, सोनार, शिंपी यांच्या हातांकडे पाहताना या शब्दाचं मूळचं तेज आठवावं.