विमान उलटं करायची सोय

नाशिककरांना विमानाचं अप्रूप जरा कमीच. १९६४ साली ओझरचा कारखाना आला, तोही मिग-२१ साठी. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी विभागणी झाली.

अशा कारखान्यात सांगाडा बसवायला मोठमोठे जिग असतात. घरी विमान बांधणाऱ्याकडे ते कुठून येणार? माझी नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी डिग्री मेकॅनिकलची आहे, त्यामुळे मला हाच प्रश्न जास्त सतावतो. आपल्याकडे तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं की नाही यावर अजून भांडणं होतात. पोटाखालचे रिव्हेट कसे मारायचे, हे मात्र कुणी विचारत नाही.

रिव्हेटला बाहेरून गन आणि आतून लोखंडी ठोकळा लागतो, म्हणजे दोन माणसं. त्यात काम डोक्यावर असेल तर ड्रिलचा कीस थेट डोळ्यात. म्हणून हौशी बांधणाऱ्यांनी फिरतं स्टँड बनवलं. सांगाडा पुढे इंजिनाच्या बोल्टांवर आणि मागे शेपटीकडे धरायचा आणि शिगेवरच्या कोंबडीसारखा फिरवायचा. जुन्या गाड्या दुरुस्त करणारेही हेच करतात, आणि त्याला रोटिसरीच म्हणतात.

खरी गोम आसात आहे. तो गुरुत्वमध्यातून जायला हवा. समजा सांगाडा १०० किलोचा आहे आणि आस ५ सेंटिमीटरने चुकला. मग आडव्या स्थितीत ५० सेंटिमीटरच्या दांड्याला १० किलोचा जोर लावून धरावं लागेल. हात सुटला की जड बाजू गपकन खाली. त्यामुळे आस वरखाली सरकवायची सोय आणि अडकवायला खीळ, दोन्ही हवंच. शिवाय दोन्ही टोकं एका रेषेत नसतील तर फिरवताना सांगाडाच पिळला जाईल.

आपल्याकडचं सगळ्यांना ठाऊक उदाहरण कांदिवलीच्या चारकोपचं. कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी टीएसी-००३ राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहासाठी ते सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि बीकेसीत पुन्हा जोडलं. गंमत अशी की, त्याआधीच हौशी विमानांची तरतूद नियमांतून गेली होती! यंत्र तयार, पण कागदावर त्याला खानाच नाही. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी. मग चाचण्या धुळ्याला.

बातम्यांतले फोटो बहुतेक तयार विमानाचे, समोरून काढलेले. मी झूम करून पोट शोधत बसतो.