शाळेचं गुगल खातं बंद झालं, तर फाइल्सचं काय होतं?

गुगल डॉक्सवर लिहिलेला प्रकल्प फोनमध्ये नाही, तर गुगलच्या सर्व्हरवर साठवला जातो. त्यामुळे फोन बिघडला तरी दुसऱ्या फोनवर लॉगइन करून तो उघडता येतो. एकाच फाइलवर अनेक विद्यार्थी एकाच वेळी काम करू शकतात. कोणी काय बदललं, हे ‘व्हर्जन हिस्ट्री’त दिसतं. २०१४ मध्ये आलेल्या गुगल क्लासरूमवर शिक्षक गृहपाठ देतात, तपासतात आणि गुणही कळवतात.

हे सगळं मोफत आहे, पण खातं कोणाचं हे महत्त्वाचं.

वैयक्तिक खातं: जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा मिळते. सलग दोन वर्षं खातं वापरलं नाही, तर गुगल ते काढून टाकू शकतं.

शाळा-कॉलेजचं खातं: याचा ताबा संस्थेकडे असतो. विद्यार्थी बाहेर पडल्यावर संस्था ते बंद करू शकते. खातं डिलीट झाल्यास ते परत आणायला संस्थेच्या अ‍ॅडमिनकडे फक्त २० दिवस असतात. त्यानंतर प्रकल्प, नोट्स, फोटो सगळं जातं.

मग काय कराल?

शेवटच्या परीक्षेआधीच ‘गुगल टेकआउट’वरून आपल्या फाइल्स डाउनलोड करा. संस्थेने परवानगी दिली असेल, तर त्या थेट वैयक्तिक खात्यातही पाठवता येतात. मित्राने शेअर केलेली फाइल त्याच्याच मालकीची असते. म्हणून ‘मेक अ कॉपी’ करून तिची स्वतःची प्रत ठेवा. शिक्षकांनीही शाळा बदलण्याआधी हेच करावं, नाहीतर अनेक वर्षांच्या पाठ-टाचणांवर पाणी सोडावं लागेल.