मालगुडी, आगुंबे आणि लॉलीसाहेबांचा पुतळा

एखाद्या गावाला स्वतःचे नाव असताना लोक त्याला दुसऱ्याच नावाने ओळखू लागले, तर त्या गावाचा इतिहास कोणता धरायचा? पुसदला घरी बसून या प्रश्नाचे उत्तर मिळेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत मी आगुंब्याला गेलो. नांदेडपर्यंत एसटी, पुढे रेल्वेने बंगळूर, तिथून शिवमोग्गा आणि शेवटी पुन्हा बस.

कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यावर हे छोटे गाव आहे. पश्चिमेला नागमोडी घाट उतरला की सोमेश्वर आणि पुढे उडुपीचा किनारी मुलूख. वर्षाचा पाऊस सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोलाचा. पुसदला हजार मिलिमीटर झाला तरी आम्ही सुखावतो, त्यामुळे हा आकडा वाचून काही उमगत नाही, तिथे उभे राहावे लागते. घरांची कौलारू छपरे भिंती भिजू नयेत म्हणून पार खाली उतरलेली. सरपण पावसाआधीच आत रचलेले. रानात पाऊल टाकले की जळवा चढतात. याच रानात 1971 साली रोम्युलस व्हिटेकर यांनी नागराज पाहिला आणि पुढे 2005 मध्ये इथे वर्षावन संशोधन केंद्र उभे केले. सह्याद्रीतला नागराज ही वेगळी जात असल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले, तेव्हा तिच्या शास्त्रीय नावात ‘कालिंगा’ हा इथल्या लोकांचाच शब्द आला. गावाचा शब्द शास्त्राने उचलला, असे क्वचित घडते.

बहुतेक प्रवासी मात्र नागराजासाठी येत नाहीत. ते मालगुडी पाहायला येतात.

आर. के. नारायण यांना मालगुडी सुचले ते 1930 च्या सुमारास. आधी एक लहानसे रेल्वे स्टेशन डोळ्यांसमोर आले, मग त्याभोवती गाव वसले. 1935 च्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’पासून ते वाचकांचे झाले. सरयू नदीकाठचे, नगरपालिका असलेले हे दक्षिणी शहर. त्यात वर्षावन नाही, असा पाऊसही नाही. ‘गाईड’वर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा त्याची कथा थेट राजस्थानात नेली गेली आणि नारायण यांनी त्यावर नाराजीचा लेखच लिहिला. त्यानंतर वीसेक वर्षांनी दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ करताना शंकर नाग यांनी निवडले ते आगुंबे. आगुंब्याला रेल्वे नाही, कधी नव्हती. म्हणून स्टेशन घेतले दूरच्या अरसाळूचे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पुसदकराला रेल्वेशिवायचे गाव परके वाटत नाही, पण स्टेशन उसने आणता येते हे मला नवे होते. त्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत 2020 पासून मालगुडी संग्रहालय आहे.

शंकर नाग आपल्याला पूर्ण परके नाहीत. होन्नावरकडचे हे कोकणीभाषक तरुण मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडले. चापेकर बंधूंवरच्या ‘22 जून 1897’ (1979) या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा वाटा होता. गेलेला काळ खऱ्या वाड्यांतून आणि रस्त्यांतून उभा करण्याचे काम त्यांनी तिथे जवळून पाहिले असणार. आगुंब्यातही त्यांनी सगळे गाव नकली उभारले नाही, नांदत्या घरांतच मालगुडी वसवले. स्वामीच्या वडिलांची भूमिका केली ती माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांनी. ‘दोड्डमने’, म्हणजे मोठे घर, हे आज स्वामीचे घर म्हणून दाखवले जाते.

मालिकेसाठी गावात सर फ्रेडरिक लॉली यांचा पुतळाही उभारला होता. नारायण यांची ‘लॉली रोड’ ही कथा आठवते का? स्वातंत्र्यानंतर मालगुडीची नगरपालिका रस्त्यांची नावे बदलते. लॉली हा जुलमी गोरा होता असे ठरवून त्याचा पुतळा हटवते. मग कळते, की जुलमी लॉली वेगळाच होता. पुतळ्यातल्या लॉलीनेच हे गाव वसवले होते! पुढची धांदल मूळ कथेतच वाचावी. मला ती कथा इतिहास लिहिणाऱ्याला दिलेली ताकीद वाटते. नाव तेच राहते आणि माणूस बदलतो.

आगुंब्यात मी दोघा वयस्क गावकऱ्यांना पुतळ्याची जागा विचारली. दोघांनी दोन जागा दाखवल्या आणि दोघेही ठाम. शेवटी मी फोनवर मालिकेतले दृश्य लावले आणि पुतळ्यामागच्या छपराचा उतार समोरच्या घरांशी ताडून पाहायला सांगितले. जागेचा वाद बाजूलाच राहिला. ते दोघे पडद्यावरची घरे ओळखू लागले. हे कोणाचे, तिथे आता कोण राहते, कौले कधी गेली, ओटा कधी मोडला. अर्ध्या तासात मालगुडीचे नाव कोणी काढले नाही. बोलणे सगळे आगुंब्याचे झाले.

त्या दिवशी माझ्या लक्षात आले, की ही मालिका म्हणजे 1980 च्या दशकातल्या एका मलनाडी रस्त्याची हलती नोंद आहे. कथा काल्पनिक असली तरी मागची भिंत खरी असते. त्या भिंती ओळखणारी माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. चौकटीगणिक त्यांना विचारून कोणी लिहून ठेवले नाही, तर उरेल फक्त ‘स्वामीचे घर’ आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचा इतिहास त्या नावाखाली बुजेल.

नावाखाली इतिहास बुजण्याचा दाखला शेजारीच आहे. तीर्थहळ्ळीवरून उत्तरेला निघाले की नगर नावाचे गाव लागते. हेच केळदीच्या नायकांचे बिदनूर. 1689 मध्ये छत्रपती राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे निसटले, तेव्हा मोगलांचा रोष पत्करून राणी चेन्नम्माने त्यांना आसरा दिला तो या राज्यात. केशव पंडितांच्या ‘राजारामचरितम्’ या संस्कृत काव्याचा विषयच हा प्रवास आहे. 1763 मध्ये हैदरअलीने बिदनूर घेतले, त्याचे हैदरनगर केले आणि पुढे उरले नुसते नगर. आगुंब्यात मला भेटलेल्या पुण्या-मुंबईच्या मराठी प्रवाशांपैकी एकालाही आपण चेन्नम्माच्या मुलखात आहोत हे ठाऊक नव्हते. त्यांना दोष कसा द्यायचा? रस्त्यावरची पाटी नगर म्हणते, बिदनूर म्हणत नाही.

कल्पित नाव खऱ्या गावाचे वैरी असतेच असे नाही. मालगुडीमुळेच मी आगुंब्याला गेलो आणि तिथून नगरला. मात्र त्या नावापाशी थांबून चालत नाही. तुमच्याही गावात कधीकाळी एखादे चित्रीकरण झाले असेल. ते दृश्य शोधा आणि गावातल्या सर्वांत वयस्क माणसाला दाखवा. नायक-नायिकेचे सोडा, त्यांच्या मागे दिसणाऱ्या दाराबद्दल विचारा आणि तो जे सांगेल ते तारीख घालून लिहून ठेवा.