ताशा आणि तो घडविणारे हात

'आपली टिमकी आपणच वाजविणें' ह्या वाक्प्रचारानें आमच्या भाषेंत लहान चर्मवाद्यांची जी अप्रतिष्ठा करून ठेविली आहे, ती दूर करण्याची खटपट फारशी कोणीं केलेली दिसत नाहीं. वीणेची परंपरा, मृदंगाचे बोल, तबल्याचीं घराणीं ह्यांवर आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु गळ्यांत अडकवून भर रस्त्यांत वाजवावयाच्या ताशाकडे विद्वानांची दृष्टि क्वचितच वळते. श्रावण सरूं लागला म्हणजे आमच्या विक्रोळींतील वसाहतींच्या मोकळ्या जागांतून सायंकाळीं ताशाचा सराव ऐकूं येऊं लागतो. तो ऐकत असतां एक प्रश्न आमच्या मनांत वारंवार उभा राहिला, व त्याचाच विचार येथें करण्याचें योजिलें आहे. यंत्रानें घडविलेलें वाद्य स्वस्त, टिकाऊ व हवें तेव्हां मिळणारें असतां, वाजविणाऱ्याच्या हाताजोगा मुद्दाम घडवून घेतलेल्या ताशाचें मोल तें काय, आणि तें कोणाच्या पदरीं पडावें?

ताशा म्हणजे उथळ वाडग्यावर ताणून बसविलेलें कातडें. फारशींत 'तास' म्हणजे धातूचें वाडगें, आणि ताशा हें नांव त्याच शब्दाशीं जोडलें जातें. वाडगें तांब्याचें, कोठें मातीचेंहि. त्यावर बोकडाचें पातळ कातडें. वाजविण्यास वेताच्या दोन बारीक काड्या. सामग्री एवढीच, परंतु ढोलांच्या गर्जनेंतूनहि निराळा ऐकूं येईल असा कडकडाट तींतून निघावयाचा असतो, आणि खरें कसब तेथेंच आहे. तांब्याचा पत्रा ठोकीत गेलें म्हणजे तो कठीण होऊन फुटूं पाहतो. म्हणून त्यास मधून मधून तापवून मऊ करावें लागतें, व अखेरच्या मठारकामानें पुन्हां कणखरपणा आणावा लागतो. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीनें ही हातोडीची विद्या पेशवाईपासून जतन केली आहे. वाडगें किती खोल असावें, पत्रा किती जाड ठेवावा, कातडें किती ताणावें, ह्यांचें उत्तर वाजविणाऱ्याच्या मनगटाकडे पाहूनच द्यावें लागतें.

ह्याला एक शास्त्रीय कारणहि आहे. चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनीं १९२० सालच्या एका टिपणांत व पुढें १९३४ च्या निबंधांत असें दाखवून दिलें, कीं मृदंग व तबला ह्यांच्या पुडीवरील शाईच्या भारामुळें त्यांतून निघणारे उपस्वर मूळ स्वराशीं सुसंवादी होतात. ताशास शाई नसते. म्हणून त्याच्या आघातांतून ठरीव स्वर असा हातीं लागत नाहीं. तबला षड्जाशीं मिळवून तो बरोबर लागला कीं नाहीं हें सांगतां येतें; ताशाला अशी कसोटी नाहीं. घडविणाऱ्याचा कान व वाजविणाऱ्याचा कान ह्या दोहोंचें एकमत होईल तेव्हांच तो जमला असें म्हणावयाचें.

ताशाचें कूळ पाहूं गेल्यास तो नगाऱ्याचा धाकटा भाऊबंद ठरतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना होता. तेथील नगारा राजवैभवाची खूण म्हणून जागचा हलत नसे. ताशा मात्र पहिल्यापासून चालणाऱ्यांचा सोबती. मोहरमच्या ताबुतांपुढें तो वाजे, आणि त्या मिरवणुकींत मुंबईपुण्याचे हिंदूहि हौसेनें सामील होत. १८९३ च्या ऑगस्टांत मुंबईस दंगा झाला. पुढें १८९४ पासून लोकमान्यांच्या पुरस्कारानें सार्वजनिक गणेशोत्सवास जोर चढला, व हिंदु समाज ताबुतांपासून दूर होत गेला. माणसें दूर झालीं. ताशा मात्र दोहींकडे राहिला. समुद्रापलीकडेहि तो असाच गेला. १८४५ च्या मे महिन्यांत हिंदी मजुरांचें पहिलें जहाज त्रिनिदादच्या बंदराला लागलें. त्या बेटावर आजहि मोहरमांत व लग्नसमारंभांत 'टासा' वाजतो. मातीचें वाडगें, बोकडाचें कातडें आणि वाजविण्यापूर्वीं तें विस्तवावर शेकण्याची रीत तेथें पिढ्यान्पिढ्या चालत आली.

युरोपांतील ह्याचा समानधर्मी म्हणजे पलटणींतील स्नेअर ड्रम. त्याच्या खालच्या पुडीवर आंतड्याच्या किंवा धातूच्या तारा आडव्या ताणलेल्या असतात, व त्यांच्या थरथरीनें त्यास खरखरीत धार येते. इंग्रजी पलटणींबरोबर तो इकडे आला आणि लग्नाच्या बँडांत जाऊन बसला. ह्याच जातीच्या वाद्यांसाठीं १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेंत पॉलिएस्टरच्या पुड्या विकावयास आल्या, आणि कालांतरानें आमच्या ताशावरहि कातड्याची जागा प्लास्टिकनें घेतली. ह्याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत; परंतु भाद्रपदांतील मुंबईचा पाऊस ज्यानें अंगावर घेतला आहे, तो त्यांत सहसा सामील होणार नाहीं. कातडें ओल धरतें, सैल पडतें, आणि मिरवणूक थांबवून तें शेकीत बसण्याची सोय नसते. शिवाय पदार्थ बदलला म्हणून वाद्य मरतें असें नाहीं. गोव्यांतील घुमट पूर्वीं घोरपडीच्या कातड्यानें मढवीत. १९७२ च्या कायद्यानें वन्य प्राण्यांस संरक्षण मिळालें, घुमटावर बकऱ्याचें कातडें आलें, आणि २०१९ सालीं गोवें सरकारनें त्याच घुमटास राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. तेव्हां हस्तकौशल्याचें मोल कातड्यांत शोधूं नये.

मग तें कशांत शोधावें? विक्रोळी हें तर यंत्राचेंच गांव. १९४३ सालीं गोदरेजांनीं येथें जमीन घेतली. १९५१ सालीं पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं बारा लाखांहून अधिक लोखंडी मतपेट्या येथील कारखान्यांत तयार झाल्या. त्यांतील एक पेटी दुसरीहून तसूभर निराळी निघती, तर तो दोष ठरता. कारण सर्वांचें मत सारख्याच तोलाचें, ही ग्वाही पेटीच्या सारखेपणानेंहि द्यावयाची होती. सारखेपणा हा यंत्राचा मोठा गुण आहे व आम्ही त्यास हिणवूं इच्छीत नाहीं. पण दोन माणसांचीं मनगटें मतपेट्यांप्रमाणें सारखीं नसतात. एकाची काडी पडते जोरकस, दुसऱ्याची हलकी व जलद. एकच ताशा दोघांना सारखाच मानवेल असें होत नाहीं. मापाचा अंगरखा शिवणाऱ्या शिंप्याजवळ जें असतें, तेंच ताशा घडविणाऱ्याजवळ असतें: समोरच्या एका माणसाकडे लक्षपूर्वक पाहण्याची संवय. हें लक्ष, हेंच त्या वाद्याचें मोल होय.

आणि नेमका ह्याच मोलाचा हिशेब आमच्या समाजानें कधीं चुकता केला नाहीं. ढोराने कमावलेल्या कातड्याशिवाय आणि मांगाच्या हलगीशिवाय गांवचें लग्नकार्य शोभत नसे. पण पंगतींत त्याच ढोराला व मांगाला पान नसे. नाद मंगल, आणि हात मात्र अमंगळ! ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनीं ढोलताशे विद्यार्थ्यांच्या हातीं दिले, व आतां सर्व जातींचीं मुलें, मुलीहि, अभिमानानें ताशा गळ्यांत घालतात. ही गोष्ट सामान्य नव्हे. तथापि वाजविणाऱ्याला मिळालेली ही प्रतिष्ठा घडविणाऱ्यापर्यंत अद्यापि पोंचलेली नाहीं. मिरजेची गोष्ट निराळी झाली. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं हत्यारांना धार लावण्याचा धंदा सोडून सतारी करण्यास आरंभ केला. 'सतारमेकर' हें पुढें घराण्याचें नांवच झालें, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तंतुवाद्याच्या कारागिराला नांव मिळालें, चर्मवाद्याच्या कारागिराला मिळालें नाहीं. ह्या भेदाच्या मुळाशीं नादाचा विचार नसून कातड्याचा विटाळ आहे, असें आम्हांस स्पष्ट दिसतें.

विक्रोळीच्या कारखान्यांतून निघालेल्या कपाटावर करणाराचें नांव असतें, कुलुपावर असतें. ताशाच्या कांठावर मात्र फार तर मंडळाचें नांव रंगविलेलें आढळतें. आमचें मागणें लहानसेंच आहे. पवईच्या तलावाच्या वाटेनें जेव्हां मिरवणूक निघेल, तेव्हां आमच्या तरुणांच्या गळ्यांतील ताशावर, मग त्याची पुडी कातड्याची असो कीं प्लास्टिकची, तो घडविणाऱ्याचें नांव कोरलेलें असावें. आणि घडवून घेणाऱ्यानें, घासाघीस न करतां, तें नांव लक्षांत ठेवून पुढच्या वर्षीं त्याच दारीं जावें. आपली टिमकी आपण वाजवूं नये हें खरें. पण ज्यानें ती घडविली, त्याचें नांव घेण्यास कोणाची हरकत असावी?