दाताच्या मुळाचें माप

कृष्णाकांठच्या सातारा व सांगली या जिल्ह्यांत, कऱ्हाड आणि सांगली येथें, आज दंतवैद्यकाचीं महाविद्यालयें आहेत. किडलेल्या दाताच्या मुळांतील नळी साफ करतांना नळींत बारीक सुई घालून क्ष-किरणांनीं चित्र घेण्याची रीत तेथें विद्यार्थ्यांस शिकवितात. सुई आखूड पडली तर सडका गर आंत राहतो. लांब गेली तर मुळाबाहेरच्या भागास इजा होते. दात राहणार कीं जाणार, हें पुष्कळदां एकदोन मिलिमीटरांवर ठरतें. हें माप ज्यानें प्रथम घेतलें, त्याला त्याची किंमत आपल्या हातानें द्यावी लागली.

जर्मनींतील वुर्झबर्ग येथें विल्हेल्म राँटगेन यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं या किरणांचा शोध लागला. पुढच्याच जानेवारींत ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ऑटो वॉल्कहॉफ यांनीं स्वतःच्या दातांचें चित्र घेतलें. त्यासाठीं ते २५ मिनिटें निश्चल पडून राहिले. मिरजेंत डॉ. वानलेस यांचें रुग्णालय १८९४ सालीं नुकतेंच उघडलें होतें. घरोघरीं मात्र दाढदुखीवर लवंगेचें तेल लावावें, आणि न राहवलें तर दाढ उपटून घ्यावी, एवढेच उपाय ठाऊक होते.

अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं एडमंड केल्स हे दंतवैद्य होते. १८९९ सालीं समोरच्या वरच्या दाताची नळी भरतांना तिचा शेवट कोठें, हें पाहण्यासाठीं त्यांनीं नळींत शिशाची तार ठेवून चित्र घेतलें. शिसें हे किरण अडवितें. म्हणून तार ठळक उमटली, आणि अंदाजाच्या जागीं माप आलें.

१९१० सालीं विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यानें दुरुस्त केलेल्या दातांखालीं दडलेला पू इतर व्याधींस कारण होतो, असें प्रतिपादन केलें. त्या धास्तीनें असंख्य दात उपटले गेले. त्यांत निर्दोषही होते. उपचारानंतर मुळाशीं हाड पुन्हां भरून आल्याचें चित्रांत दिसूं लागलें, तेव्हां दात वांचविणाऱ्यांच्या हातीं पुरावा आला.

केल्स यांचा हात मात्र वांचला नाहीं. यंत्र नीट लावण्यासाठीं त्या काळीं वैद्य स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. बोस्टनचे विल्यम रोलिन्स यांनीं १९०१ सालींच गिनीपिगांवर प्रयोग करून धोका दाखविला होता. त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. केल्स यांस कर्करोग झाला. बोटें, पंजा, मग बाहु असे क्रमाक्रमानें कापावे लागले. १९२८ सालीं त्यांनीं आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली.

आज चित्राला सेकंदाचा अंशही पुरतो. जपानचे सुनादा यांनीं १९६२ सालीं विजेच्या योगें मुळाची लांबी मोजण्याचें उपकरण दाखविलें. तरी नळीची वळणें व हाडाची स्थिति कळण्यास चित्र लागतेंच. तें घेतांना वैद्य दूर उभा राहतो आणि रुग्णाच्या तोंडांत फिल्म स्वतःच्या हातानें धरीत नाहीं. हा नियम केल्स यांच्यासारख्यांच्या हातांनीं शिकविलेला आहे.